दोन-आठचं माप

"अप्पा, चार बोल्ट आणायचेत. फक्त चार. जमेल का?"

लीनानं हे विचारलं तेव्हा रविकांत सर नगरला सावेडीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. पेनानं. एकतीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलेल्या माणसाला पेन्सिल कशाला लागते, असं त्यांचं म्हणणं. कोड्यात एखादा शब्द बसला नाही, तर सर म्हणायचे पेपरवाल्याची चौकट चुकली, आणि शेजारी स्वतःची एक जादा चौकट आखायचे.

"जमेल का म्हणजे? बोल्ट आणायचेत की मंगळावरची माती?"

"तसं नाही हो. यू-बोल्ट आहेत, जीपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे. माप चुकलं तर गाडी एकीकडे आणि चाकं दुसरीकडे जातील."

लीना सोमवार ते शनिवार बँकेत लोकांच्या सह्या तपासायची. रविवार उजाडला की आपली जुनी जीप घ्यायची आणि जिथं उतरायला शेळीसुद्धा दोन मिनिटं विचार करते तिथं ती खाली घालायची. असल्या डोंगर-चिखलाच्या शर्यती असतात म्हणे. ह्या रविवारची राजूरच्या बाजूला होती. दोन वर्षं सरांनी त्या जीपला 'भंगार' सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. पण मागच्या दिवाळीत एका दुपारी ते गुपचूप पार्किंगमध्ये गेले, जीपमध्ये बसले, स्टिअरिंग धरलं आणि तोंडानं हळूच 'घुर्रर्र' केलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी "कोण आहे तिकडं?" म्हणून हटकलं, तर एकसष्ट वर्षांचा हा माणूस सीटखाली लपला. अर्धा तास. मुंग्या चावल्या तरी हूं की चूं केलं नाही.

तेव्हापासून सरांच्या मनात एकच होतं. त्या जीपमधली ड्रायव्हरशेजारची सीट. शर्यतीत त्या सीटवरचा माणूस हातात नकाशा धरून रस्ता सांगतो. इतके दिवस तिथं जावई केदार बसायचा. गेल्या महिन्यात त्यानं ती सीट सोडली. का सोडली, ते नवराबायको दोघंही सांगेनात.

"रविवारी शेजारी कोण आहे तुझ्या?" सरांनी कोड्यातून मान वर न करता विचारलं.

"बघू. आधी बोल्ट तर नीट येऊ द्या."

सरांना त्यातलं 'नीट' ऐकूच आलं नाही. 'बघू' तेवढं ऐकू आलं.

लीना बँकेत गेली आणि सरांनी कानिफनाथ मिस्त्रीला फोन लावला. ह्या मिस्त्रीचं गॅरेज पाथर्डी रस्त्याला. माणूस मूळचा मढीकडचा, हात सोन्याचा, पण एक हत्यार जागेवर सापडेल तर शपथ.

"सर, आसं हाय," कानिफ ओरडूनच बोलायचा, कारण त्याच्या मागं कायम काहीतरी ठोकणं चालू असायचं. "मागं दोन्हीकडं म्या एकेक पाटा वाढवलाय. गाडी उचलली जाती त्यानं. म्हून जुने बोल्ट आखूड पडत्यात. पाट्यांचा गठ्ठा आक्सलला आवळून धरायचं काम ह्या बोल्टाचं. यू आकाराचा, पर बूड गोल सांगा, चौकोनी न्हाई. आक्सलचा पाइप गोल हाय आपला."

"बूड गोल. पुढे?"

"जाडी चार सूत."

"सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे अर्धा इंच. पुढे?"

"लांबी साडेसात इंच. आन दोन पायांमदला गाळा... थांबा. आयेऽ! गाळा किती म्हनलीस?" मागून एका म्हातारीचा आवाज आला. कानिफ म्हणाला, "दोन-आठ. दोन-आठ लिवा."

सरांनी वहीत लिहिलं, आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. दोन लिहिलं, मग एक ठसठशीत टिंब दिलं, मग आठ लिहिलं. २.८ इंच. त्याखाली रेघ मारून मिलिमीटर काढले, ७१.१२. त्याला दुहेरी चौकट केली. सही करायची तेवढी राहिली.

कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत पाटे-बोल्टचं दुकान होतं. गल्ल्यावर अंगद. हा अंगद लीनाच्याच वर्गात, नववी 'ब' मध्ये, सरांच्या हाताखाली होता. दशांश चिन्ह विसरायचा म्हणून सरांनी त्याला एकदा अख्खा तास फळ्यावर टिंबं काढायला लावली होती. आता त्याचं पोट सुटलं होतं, पण सर दिसले तसा तो स्टुलावरून ताडकन उठला आणि हात मागं बांधून उभा राहिला. गिऱ्हाइकं बघत राहिली.

सरांनी वही पुढं केली. अंगदनं वाचलं आणि डोकं खाजवलं.

"सर, जीपच आहे ना?"

"जीपच."

"नाही म्हणजे... जुन्या जीपला अडीच इंची गाळा बसतो. हे दोन-आठ म्हणजे अडीचच म्हणायचंय का मिस्त्रीला?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नववी 'ब' ला हे माहीत होतं, की चष्मा पुसला म्हणजे आता काही खरं नाही.

"अंगद, दोन पूर्णांक आठ दशांश म्हणजे अडीच का?"

"नाही सर."

"अडीच म्हणजे किती?"

"दोन पूर्णांक पाच दशांश, सर."

"मोठं कोण?"

"आठ दशांशवालं, सर."

"मग? तुझं टिंब अजून ठिकाणावर आलेलं नाही अंगद. मला वाटलं होतं, दुकान टाकलंस म्हणजे सुधारला असशील."

अंगदनं आतल्या वाल्मिककडं पाहिलं. वाल्मिक लोखंडी सळ्या वाकवायच्या मशीनवर होता. अंगद म्हणाला, "सर म्हणतात तसं वाकव." आणि खालच्या आवाजात आणखी काहीतरी बोलला, ते सरांना ऐकू आलं नाही. चार चकचकीत बोल्ट पिशवीत घालून सर स्कूटरवर बसले तेव्हा त्यांची छाती पुढच्या हँडलला टेकत होती.

गॅरेजात कानिफ जीपखाली झोपला होता. त्यानं हात बाहेर काढला, सरांनी बोल्ट दिला. खालून खुडखुड झाली, मग घुंगरासारखा आवाज आला.

"सर, ह्यो वाजतोय."

"वाजू दे. नवीन आहे."

कानिफ सरपटत बाहेर आला. "नवा म्हून वाजत न्हाई, ढिल्ला म्हून वाजतोय. थोरल्या भावाची चप्पल घातल्यावानी झालंय. आसं आवळलं तर पयल्याच खड्ड्यात आक्सल बाजूला सरकंल."

"तुझा आक्सल झिजला असेल," सर म्हणाले.

कानिफनं एवढ्या वर्षांत बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती, पण बोल्ट बरोबर आणि आक्सल चूक म्हणणारं हे पहिलंच.

"काय झालं रं?" म्हणत त्याची आई गोजरबाई पुढं आली. सत्तरीची, अंगानं काडी, पण आवाज पोलीस गाडीसारखा. चाळीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन ती पाथर्डी तालुक्यातल्या गावागावांत बांगड्या भरायची. आता गुडघे थकले म्हणून लेकाच्या गॅरेजाच्या पुढच्या अंगाला बांगड्यांची चळत मांडून बसायची. लोक एका बाजूनं पंक्चर काढायचे, दुसऱ्या बाजूनं बायकोला बांगड्या न्यायचे.

"गुरजी म्हनत्यात ह्यो बोल्टच दोन-आठ, आपला पाइप झिजलाय," कानिफ म्हणाला.

"कोन म्हनतं? आरं, म्या सवता दोरा घालून मोजलाय त्यो पाइप, आन दोरा बांगडीवर लावून बगितला. दोन-आठ म्हंजी दोन-आठ!"

"बांगडीवर?" सरांना हसू आवरेना. "तुम्ही गाडीचं माप बांगडीनं घेतलंत?"

"मंग कशानं घिऊ? ह्याची मापाची पट्टी आइलच्या पिपात पडल्याली हाय, आखाडापासनं. गुरजी, म्या धा-पंधरा हजार मनगटं भरली आसतील. एक बांगडी माघारी आली न्हाई."

सरांनी चष्मा पुसला. "गोजरबाई, बांगड्यांचं मला माहीत नाही. पण दोन पूर्णांक आठ दशांश..."

"त्ये दशांश-बिशांश कुनाचं आनलंत मदीच?" म्हातारी म्हणाली. "दोन-आठ म्हंजी दोन इंच आन आठ आने. रुपायात सोळा आने तसं इंचात सोळा. आठ आने म्हंजी किती वो गुरजी?"

सरांच्या डोक्यात उत्तर आलं. ते आलं तशी त्यांनी ते परत ढकललं. परत आलं. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया, हे सरांना त्यांच्या आजोबांनी शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं. अडीच. अंगद अडीच म्हणाला होता.

पण तोंडातून निघालं ते भलतंच. "असेल तुमच्यात तसं. पण शास्त्रीय दृष्ट्या..."

"हितं या. हात द्या."

सरांना कळेना हात कशाला. बांगड्या भरणाऱ्या बाईनं हात मागितला की बाईमाणूस असो की कलेक्टर, हात आपोआप पुढं होतो. गोजरबाईनं सरांचा उजवा हात धरला, अंगठा तळव्यात दाबला आणि विचारलं, "लेक कितवीला हाय म्हनलात तुमची?"

"लेक बँकेत आहे, चौतीस वर्षांची, ती कशाला कितवीत... आई गं!"

हिरवीगार काचेची बांगडी सरांच्या मनगटावर बसली होती. अशी गच्च की खाली केस सुद्धा हलेना.

"हां. आता ह्यो तुमचा हात म्हंजी आक्सल. ही दोन-आठ. गच्च हाय का न्हाई?" मग तिनं सरांचा चकचकीत बोल्ट उचलला, मनगटात अडकवला आणि हलवला. बोल्ट बांगडीवर टणटण वाजला. "आन ही तुमची दोन-टिंब-आठ. आता सांगा, शास्त्र कुनाचं?"

कानिफ जीपखाली सरपटत परत गेला. तिथून थोडा वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला.

"काढा ही," सर म्हणाले.

म्हातारीनं ओढली. निघेना. साबण लावला. निघेना. तेल लावलं, ग्रीस लावलं. सरांचा हात सुजून लाडवासारखा झाला. "मूठ सोडा की गुरजी, मूठ कशाला आवळलीया?" म्हातारी म्हणत होती, पण सरांची मूठ काही सुटेना.

"फोडा मग."

"आज शुक्रवार! शुक्रवारी हिरवी बांगडी वाढवत न्हाईत. तुमचं काय, पर माज्या धंद्याला लागंल." तिनं हात झटकले. "ऱ्हाऊ द्या. चांगली दिसतीया."

आणि लीना संध्याकाळी साडेपाचला गॅरेजात येणार होती. त्याआधी अंगदकडून बोल्ट बदलून आणायला हवे होते. सर स्कूटरवर बसले. डाव्या हातानं रुमाल मनगटाला बांधला. वाटेत तीन सिग्नलला तीन ओळखीचे भेटले, तिघांनी विचारलं "सर, हाताला काय लागलं?" पहिल्याला सर म्हणाले मुरगळला, दुसऱ्याला म्हणाले कुत्रं चावलं, तिसऱ्याला काय सांगावं ते सुचेना म्हणून 'उन्हाचं' म्हणाले. त्या वेळी आभाळ भरलेलं होतं.

दुकानात संध्याकाळची गर्दी. सर गिऱ्हाइकांच्या मागं जाऊन भिंतीला चिकटले. अंगदनं बघितलंच. "सर! पुढं या ना. सरांना वाट द्या रे!"

सर पुढं गेले. जन्मभर वर्गात चुकीची जी कबुली दुसऱ्यांकडून ऐकली, ती आता स्वतःच्या तोंडून द्यायची होती.

"अंगद. ते... अडीच."

"काय सर? ऐकू नाही आलं."

"अडीच! दोन पूर्णांक पाच दशांश!"

अंगद हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो खाली वाकला आणि गल्ल्याखालून कागदात गुंडाळलेले चार बोल्ट काढले. "सकाळीच वाकवून ठेवलेत सर. वाल्मिकला तेव्हाच सांगितलं होतं."

"मग मला का दिले नाहीस?"

"तुम्ही शिकवलंय सर. चूक ज्याची त्यानं स्वतः शोधायची, शेजारच्यानं सांगायची नाही. मी सांगितलं असतं तर तुम्ही बाकावर उभं केलं असतं."

सर काही बोलायच्या आत वाल्मिक मशीनवरून पुढं आला. "एकदा माप लावून बघू सर. आणलंय का काही?"

काय आणणार? सरांनी डोळे मिटले, रुमाल सोडला आणि हात पुढं केला. दुकानात ट्यूबलाइट नवी होती. हिरवी बांगडी अशी चमकली की पलीकडच्या रसवंतीतली माणसं ग्लास हातात घेऊन उठून आली.

"सर... हे?" अंगद म्हणाला.

"माप आहे," सर म्हणाले. त्यांना वाटलं आपला आवाज आतल्या गोदामातून कुठून तरी येतोय.

वाल्मिकनं सरांचा हात लाकडी ठोकळ्यावर ठेवला, यू-बोल्ट वरून घातला. बोल्ट बांगडीशेजारी मनगटावर तितकाच गच्च बसला, हलेना की वाजेना. "वा! गाळा तंतोतंत," वाल्मिक म्हणाला. कुणीतरी मोबाईल वर धरला. कुणीतरी म्हणालं, "आमच्या गणिताचे सर आहेत ते. आम्हाला पण असंच हाताला धरून शिकवायचे." सर मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडं बघत राहिले. डाव्या चपलेचा अंगठा उसवला होता, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

परतीच्या वाटेवर सरांनी एक वाक्य तयार केलं. लीना विचारेल, इतका वेळ का लागला? तर म्हणायचं, "अंगदनं आधी चुकीचे दिले." चार शब्दांचं सोपं वाक्य. अंगद काही राजूरला येणार नव्हता. कानिफला डोळ्यानं खुणावलं तर तो गप्प बसेल. म्हातारीचं मात्र सांगता येत नव्हतं. सरांनी ते वाक्य पाथर्डी रस्त्याच्या फाट्यापर्यंत नऊ वेळा घोकलं.

लीना आधीच येऊन जीपच्या बॉनेटवर पाय हलवत बसली होती.

"अप्पा, किती उशीर! काय झालं?"

"अंगदनं..." सर म्हणाले.

आणि थांबले. हातातली पिशवी जड होती. तिच्यात ते चार बोल्ट होते, जे अंगदनं सकाळपासून कागदात गुंडाळून सरांची वाट बघत ठेवले होते. वर्गात हात मागं बांधून उभा राहणारा अंगद त्यांच्या डोळ्यांपुढं आला. आपण त्याच्याकडून टिंबं काढून घेतली ती, अख्खा फळा भरून.

"अंगदनं बरोबर सांगितलं होतं," सर म्हणाले. "मी ऐकलं नाही. मी दोन-आठला टिंब दिलं. चुकलो. माझंच चुकलं, लीना. रविवारी तू दुसऱ्या कुणाला तरी बसव शेजारी. मी काय तुला रस्ता सांगणार." आणि कुणाकडं बघावं ते न कळून त्यांनी हात खाली सोडून दिले.

गोजरबाई टिपूनच बसली होती. तिनं सुटलेला हात उचलला, अंगठा दाबला, आणि बांगडी सुळकन बाहेर. "आता कशी निघाली! दुपारधरनं मूठ आवळून बसला हुता."

लीनानं आपला मोबाईल सरांपुढं धरला. नववी 'ब' चा ग्रुप. त्यावर सरांचा फोटो, ठोकळ्यावर हात, हातात बांगडी, बांगडीशेजारी बोल्ट. खाली अंगदनं लिहिलं होतं, 'सरांनी माप दिलं.' त्याखाली त्रेपन्न हसरे चेहरे.

"तुला माहीत होतं?" सरांचा चेहरा पार विटकरीसारखा झाला.

"साडेपाचपासून. केदारला का उतरवलं माहितेय? मागच्या शर्यतीत त्यानं डावीकडं सांगितलं. रस्ता उजवीकडं होता. 'चुकलं' म्हणायला त्याला सहा मिनिटं लागली, तोवर आम्ही ओढ्यात. अजून म्हणतो ओढाच चुकीच्या जागी आहे." लीना बॉनेटवरून उतरली. "मला नकाशा वाचणारा नकोय अप्पा. पटकन 'चुकलं' म्हणणारा पाहिजे. आणि तुमच्या तोंडून चौतीस वर्षांत मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. बसा शेजारी."

"आत्ता गं बया!" गोजरबाई म्हणाली. "म्हंजी मला न्हेत न्हाईस? म्या नवं लुगडं काडून ठिवलं की! तूच म्हनली हुतीस, अप्पांनी थाप मारली तर तुमी चला!"

कानिफ पुन्हा जीपखाली खोकू लागला.

रविवारी राजूरच्या डोंगरात सरांनी डोक्यावर हेल्मेट घातलं आणि पहिल्याच वळणावर "डावीकडं!" म्हणून ओरडले. लगेच "चुकलं, उजवीकडं!" त्या दिवशी ते किती वेळा 'चुकलं' म्हणाले ते मोजायला सह्याद्रीचे कडेसुद्धा कमी पडले, इकडून 'चुकलं' गेलं की पलीकडून तीनदा परत यायचं. गुराख्यांनी गुरं वळवली, त्यांना वाटलं आपल्यालाच सांगतायत. लीना प्रत्येक वेळी वळली. पाटे जाग्यावरून केसभर हलले नाहीत. अंधार पडायच्या आत दोघं कशीबशी खाली पोचली.

मांडवात निकाल वाचला. अठ्ठावीस गाड्या. एकेक नाव येत गेलं आणि शेवटी संयोजक म्हणाले, "सत्ताविसाव्या क्रमांकावर, नगरच्या लीनाताई आणि त्यांचे वडील!"

टाळ्या पडल्या. लीनानं सुटकेचा श्वास सोडला. शेवटचा नंबर नाही आला, एवढंच तिला पुष्कळ होतं. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. सर उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

"चुकलंय," सर सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. "अठ्ठाविसावी गाडी सुरूच झाली नव्हती. ती धरायची नाही. आम्ही शेवटचे आहोत."

मांडव हसून हसून लवला. संयोजकांनी कागदावर खोडाखोड केली आणि निकाल पुन्हा वाचला. सर समाधानानं खाली बसले, आणि लीना खुर्चीत घसरत घसरत हेल्मेट तोंडावर ओढून घेत राहिली.